घरातली बुरशी आणि तिचे नमुने: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून मला व्हॉट्सअॅपवर भिंतींचे फोटो येऊ लागतात. कुणाच्या कपाटामागची भिंत, कुणाच्या देव्हाऱ्यावरची, कुणाच्या बेडरूममधल्या बीमखालची. सोबत ठरलेला प्रश्न: "सॅम्पल घ्यायला कधी येता?" मी सिव्हिल इंजिनिअर. गळती आणि ओल शोधणं हे माझं रोजचं काम, बुरशीचे नमुने घेणं हा त्यालाच फुटलेला फाटा. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगा असोत की खारघरचे टॉवर, प्रश्न तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

भिंतीवर बुरशी दिसतेच आहे. तरी तपासणी करून घ्यावी का?

बहुतेक वेळा नाही. जे डोळ्यांना दिसतंय ते आहे हे कळायला लॅब कशाला? अमेरिकेतली ईपीए ही पर्यावरण संस्था आणि सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था, दोघींचंही म्हणणं साधारण हेच आहे. बुरशी दिसत असेल तर सहसा नमुन्याची गरज नसते, कारण जात कुठलीही निघाली तरी करायचं तेच: ओल थांबवायची आणि बुरशी काढायची. असं सांगून मी स्वतःचंच काम घालवतो, हे बायको मला दर पावसाळ्यात ऐकवते.

ईपीएच्या मते दहा चौरस फुटांपर्यंतचा डाग मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून घरच्या घरी काढता येतो. डाग त्याहून मोठा असेल, किंवा संडासाच्या पाइपातलं घाण पाणी झिरपून आलेला असेल, तर जाणकार माणूस बोलवा.

मग नमुना घ्यायचा तरी कधी?

नमुन्याने एखाद्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर मिळणार असेल तेव्हा. "घरात बुरशी आहे का?" हा प्रश्न नेमका नाही, कारण बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं सूक्ष्म बी, नाहीत असं घर ठाण्यात सापडणार नाही. मला पटतात ती कारणं अशी:

डाग बुरशीचा आहे की दुसरा कसला, याचीच शंका असते. देव्हाऱ्यावरचा काळा पट्टा अनेकदा उदबत्ती-समईची काजळी निघतो. बाहेरच्या भिंतीवर आतून पांढरी कापसासारखी लव दिसते, ती पुष्कळदा विटेतून-सिमेंटमधून बाहेर आलेलं मीठ असतं. पाण्याचा थेंब टाकून पाहा, मीठ विरघळतं. तरीही वाद राहिला तर सेलोटेपचा एक नमुना पुरतो.

कुबट वास येतो, पण काहीच दिसत नाही. फॉल्स सीलिंगच्या वर किंवा मॉड्युलर किचनच्या पाठच्या प्लायमागे काहीतरी चाललंय असा संशय असतो.

घरात कुणाला दम्याचा किंवा फुप्फुसाचा त्रास आहे आणि डॉक्टरांनीच घरातल्या बुरशीबद्दल विचारलंय. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. घरातल्या नमुन्यावरून आजाराचं निदान होत नाही. ते डॉक्टर रुग्णाच्या तपासण्यांवरून करतात, आमचा कागद फार तर त्यांच्या फाइलला जोड.

आणि चौथं, मोठी साफसफाई झाल्यावर ती नीट झाली का हे पाहायचंय.

यातलं काहीच नसेल आणि नुसती उत्सुकता असेल, तर तो पैसा वॉटरप्रूफिंगवाल्याला द्या.

तुम्ही आलात की आधी काय करता?

नाक आणि टॉर्च. दार उघडल्या उघडल्या जो वास येतो तो पाच मिनिटांत नाकाला कळेनासा होतो, म्हणून चहा आधी नको, आधी घर फिरू द्या. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका मारला की रंगाखालचे फुगे, पोपडे, हलकी लव असं सगळं उठून दिसतं. समोरून मारलेल्या प्रकाशात यातलं काही दिसत नाही.

मग ओलावा मापक. दोन पिनांचं हे यंत्र भिंतीची विद्युतवाहकता पाहतं. पडद्यावरचे टक्के मुळात लाकडासाठी बसवलेले असतात, म्हणून गिलाव्यावर "२८ टक्के ओल" म्हणण्याला अर्थ नसतो. अर्थ असतो तो तुलनेला: याच भिंतीचा कोरडा कोपरा किती दाखवतो आणि डागाजवळ किती. भिंतीत मीठ उतरलेलं असेल तर हे यंत्र कोरडी भिंतही ओली सांगतं. वाशी-नेरूळकडे खाडीच्या अंगाच्या तळमजल्यांवर मी हे पाहिलंय.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल लोकांना फार कौतुक. त्या रंगीत चित्रात पाणी दिसत नाही, तापमान दिसतं. ओली जागा बाष्पीभवनाने थंड पडते म्हणून ती निळी दिसते, पण एसीच्या झोतातला कोपराही तितकाच निळा दिसतो. कॅमेऱ्याने जागा हेरायची आणि मापकाने खात्री करायची. नुसतं निळं चित्र दाखवून कुणी पाच आकडी कोटेशन देत असेल, तर पिना कुठे टोचल्या ते विचारा.

ओल भिंतीतून येते की हवेतली दमट वाफ भिंतीवर बसते, हे घरी कळेल का?

कळेल. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर पक्क्या बंद करा. दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसतेय. दोन्हींचा इलाज पूर्ण वेगळा. पहिल्याला गवंडी आणि प्लंबर लागतात. दुसऱ्याला एक्झॉस्ट फॅन, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घेणं आणि घरात कपडे वाळत घालण्यावर थोडा लगाम.

ही चाचणी जवळजवळ फुकट आहे, आणि माझ्या मते ठाण्यातल्या निम्म्या घरांना तेवढीच पुरेल.

सेलोटेपचा नमुना म्हणजे काय? तो आम्ही स्वतः घेऊ शकतो का?

घेऊ शकता. नमुन्याचा हा सर्वांत साधा प्रकार, आणि मला सर्वांत आवडणाराही. साधी, चकचकीत, पारदर्शक टेप घ्यायची. दुधी रंगाची मॅट टेप चालत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातून पलीकडचं दिसत नाही. हातमोजा घालून टेप डागाच्या कडेवर हलकेच दाबायची आणि एका झटक्यात उचलायची. डागाच्या मधोमध बीजाणूंचा इतका थर असतो की तंतू आणि बीजाणू धरणारे देठ त्याखाली झाकले जातात, आणि जात ओळखायची ती त्या देठांवरूनच. उचललेली टेप काचपट्टीवर चिकटवायची. काचपट्टी नसेल तर स्वच्छ, गुळगुळीत प्लास्टिकवर.

लॅबमध्ये तिच्यावर बहुधा लॅक्टोफेनॉल कॉटन ब्ल्यू हा निळा रंग टाकतात आणि थेट पाहतात. त्याच दिवशी उत्तर मिळू शकतं. बुरशी भिंतीवर वाढतेय की नुसते बीजाणू धुळीसारखे येऊन बसलेत, हा फरक टेपवर लख्ख कळतो. तंतूंचं जाळं दिसलं तर ती तिथेच वाढलेली. सुटे, वेगवेगळ्या जातींचे चारदोन बीजाणू दिसले तर ती धूळ.

मर्यादा दोन. जिवंत की मेलेली हे टेप सांगत नाही. आणि भिंतीवरच्या डागावरून खोलीच्या हवेत काय आहे, हेही सांगता येत नाही.

स्वॅब आणि भिंतीचा तुकडा कधी घेतात?

पृष्ठभाग खडबडीत, ओलसर किंवा अडचणीतला असेल आणि टेप नीट बसत नसेल, तेव्हा निर्जंतुक बोळा फिरवतात. किती जागेवर फिरवला हे ठरलेलं असावं, सहसा दहा बाय दहा सेंटिमीटरची चौकट. नाहीतर आकड्याला काही अर्थ राहत नाही. टेपवरून थेट पाहणी होते, स्वॅबवरून थेट पाहणीही होते आणि बुरशी वाढवूनही बघता येते.

जिप्सम बोर्ड, वॉलपेपर, प्लाय आणि एमडीएफ यांचा मात्र मी तुकडाच कापून घेतो. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो आणि कागद म्हणजे बुरशीला वाढलेलं ताट. पुढून पांढराशुभ्र दिसणारा बोर्ड मागून काळाकुट्ट निघालेला मी घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये एकदा नव्हे, अनेकदा पाहिलाय. ओला तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवस गाडीत ठेवू नका. कागदी पाकिटात घाला आणि त्याच दिवशी पोचवा, नाहीतर लॅब तुमच्या पिशवीत वाढलेली बुरशी मोजेल.

हवेचा नमुना कसा घेतात?

यात दोन घराणी आहेत. एक बीजाणू पकडून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणारं, दुसरं ते वाढवून मोजणारं.

पहिल्यात काडेपेटीहून लहान प्लास्टिकची डबी असते, तिला स्पोअर ट्रॅप म्हणतात. आत चिकट थर दिलेली काचपट्टी आणि वर अरुंद फट. पंप मिनिटाला पंधरा लिटर हवा खेचतो, हवा पट्टीवर आपटून वळते, जड कण वळत नाहीत आणि चिकटून बसतात. पाच मिनिटं चालवलं तर पंचाहत्तर लिटर, दहा मिनिटं चालवलं तर दीडशे. जिवंत-मेलेले सगळे बीजाणू मोजले जातात. ही चांगली बाजू आहे, कारण मेलेल्या बीजाणूनेही अॅलर्जी होतेच.

आता अहवालातला आकडा कसा तयार होतो ते बघा. उत्तर घनमीटरमागे, म्हणजे हजार लिटरमागे द्यायचं असतं. तुम्ही घेतले पंचाहत्तर लिटर. म्हणून मोजलेला प्रत्येक बीजाणू १३.३ ने गुणला जातो. काचेवर एक बीजाणू दिसला की अहवालात तेरा, दोन दिसले की सत्तावीस. हॉलमध्ये तेरा आणि बेडरूममध्ये चाळीस आले म्हणून बेडरूम तिप्पट वाईट असं कुणी सांगितलं, तर तो माणूस एक बीजाणू आणि तीन बीजाणू यांच्यातला फरक तुम्हाला विकतोय.

आणखी एक मर्यादा: अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या दोन बुरशींचे सुटे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच गोल-बारीक दिसतात. म्हणून अहवालात दोघांचा एकच रकाना असतो. लॅबने वेगळे का केले नाहीत म्हणून तिच्याशी भांडू नका.

धुळीचाही त्रास होतो. मेट्रोचं काम चाललेल्या रस्त्यालगतच्या घरात दहा मिनिटं पंप चालवला की पट्टी धुळीने भरून जाते, बीजाणू धुळीखाली दडतात आणि आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. अशा ठिकाणी मी वेळ कमी करतो. अहवालात धुळीचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचा.

आणि दुसऱ्या घराण्यात?

तिथलं प्रसिद्ध यंत्र अँडरसनचं. १९५८ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा ते सहा थरांचं होतं. इमारतींसाठी बहुधा एकथरी वापरतात. धातूच्या झाकणाला चारशे छिद्रं असतात, मिनिटाला २८.३ लिटर म्हणजे बरोबर एक घनफूट हवा त्यातून जाते आणि खालच्या प्लेटमधल्या खाद्यावर आपटते. प्लेट लॅबमध्ये साधारण पंचवीस अंशांना पाच-सात दिवस ठेवतात आणि उगवलेल्या वसाहती, म्हणजे बुरशीचे ठिपके, मोजतात.

फायदा असा की जात नेमकी कळते, अॅस्परजिलस कुठला तेही. तोटा असा की उगवतं तेवढंच मोजलं जातं. मेलेले उगवत नाहीत, आणि मंद वाढणाऱ्या बुरशीला वेगाने पसरणारी बुरशी गिळून टाकते. खाद्य कोणतं वापरलं यावरही उत्तर बदलतं. माल्ट अर्कावर सर्वसाधारण बुरशी येतात. डीजी-१८ या कमी पाण्याच्या खाद्यावर कोरडेपणा सोसणाऱ्या जाती नीट येतात आणि पसरणाऱ्या आवरतात. स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीला कागदासारखा सेल्युलोज आवडतो, नेहमीच्या खाद्यावर ती मागे पडते. म्हणून "कल्चरमध्ये (प्लेटवर वाढवून) आली नाही म्हणजे नाही" असं म्हणता येत नाही.

छिद्रं चारशे, म्हणून चारशेहून जास्त वसाहती मोजताच येत नाहीत. ऑगस्टमध्ये उघड्या खिडकीशेजारी पाच मिनिटं चालवा, सगळी प्लेट हिरवी होते.

ऑनलाइन किट मिळतं, प्लेट उघडी ठेवून चार तासांनी बंद करायची. ते चालतं का?

नाही. माझी हौस याच प्लेटने फेडली. काही वर्षांपूर्वी नेरूळला माझ्याच घरी एका लॅबकडून अशा प्लेटा ठेवून घेतल्या. जुलै महिना, खिडकी उघडी, पंखा तीनवर. अहवाल आला: "मोजण्यापलीकडे." बाहेर एकही प्लेट ठेवली नव्हती. घाबरून बेडरूमचं अख्खं कपाट तोडून पाहिलं, मागची भिंत खडखडीत कोरडी. कपाट आजही डगमगतं.

चूक कुठे होती ते सांगतो. उघड्या प्लेटवर किती हवा आली हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे "घनमीटरमागे" असा आकडा निघूच शकत नाही. शिवाय जड बीजाणू भराभर पडतात, हलके तरंगत राहतात. तीन मायक्रॉनचा पेनिसिलियमचा बीजाणू शांत हवेत एक मीटर खाली यायला तासभर घेतो. अल्टरनेरिया या बुरशीचा वीस-तीस मायक्रॉनचा बीजाणू मिनिट-दोन मिनिटांत खाली. म्हणजे ज्याची चिंता करायची तोच प्लेटवर कमी येतो.

ही पद्धत मुळात औषध कारखान्यांची. रबाळे-महापेच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या लॅबना तिचा हातखंडा सराव असतो, आणि तिथल्या स्वच्छ खोल्यांसाठी ती ठीकच आहे. गंमत तेव्हा होते जेव्हा त्याच खोल्यांची मर्यादा घराला लावली जाते. डी वर्गाच्या खोलीत घनमीटरमागे दोनशे वसाहतींची मर्यादा असते. त्या मापाने येऊरच्या पायथ्याचं कुठलंही घर पावसाळ्यात नापास. तिथली बाहेरची हवासुद्धा नापास.

धुळीची डीएनए तपासणी ऐकली आहे. ती जास्त अचूक ना?

ईआरएमआय म्हणतात ती. गालिच्यातली किंवा फर्निचरवरची धूळ घेऊन छत्तीस ठरावीक बुरशींचा डीएनए मोजतात आणि एकच गुणांक काढतात. यंत्रणा ईपीएच्या शास्त्रज्ञांची आहे, पण ईपीए स्वतःच सांगते की ही संशोधनासाठी आहे, घरोघरच्या तपासणीसाठी नाही. शिवाय तो गुणांक अमेरिकी घरांच्या धुळीवरून बसवलेला. आपल्याकडे गालिचा नाही, दिवसातून दोनदा झाडू-पोछा होतो आणि खिडक्या बारा महिने उघड्या. मी घेत नाही.

घरातला नमुना घेतला. बाहेरचा कशाला? त्याचे वेगळे पैसे लागतात.

लागतात, आणि तोच सर्वांत मोलाचा. बाहेरचा आकडा नसेल तर आतल्या आकड्याला मागचा पडदाच राहत नाही.

आपल्याकडे बाहेरची हवा दिवसात दोनदा रूप बदलते. पाऊस पडताना आणि थांबल्यावर काही बुरशी मुद्दाम बीजाणू उडवतात, त्यात छत्र्यांसारख्या उगवणाऱ्याही आल्या. कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया वाढतात. उपवनजवळ किंवा पारसिकच्या डोंगराखाली कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे हे सगळं आणखी जास्त. म्हणून आतला आणि बाहेरचा नमुना एकाच दिवशी, तासाभराच्या आत घ्यावा. चौदाव्या मजल्याची तुलना गेटजवळच्या बागेशी करू नये, बाल्कनीत किंवा गच्चीवर घ्यावा. ठिबकणाऱ्या छज्ज्याखाली किंवा कुंड्यांशेजारी अजिबात नको.

मी शक्यतो तिसराही घेतो, त्याच घरातल्या तक्रार नसलेल्या खोलीत. तीन आकडे शेजारी ठेवले की बोलायला काहीतरी मिळतं.

नमुन्याआधी खिडक्या बंद ठेवायच्या का?

परदेशी पद्धत सांगते की आदल्या दिवसापासून घर बंद ठेवा. आपलं घर बंद असतं कधी? मला पटणारा मार्ग: रात्रभर खिडक्या बंद, पंखा नेहमीसारखा, सकाळी झाडू मारायच्या आत नमुना. त्या दिवशी उदबत्ती नको, फोडणी नमुन्यानंतर. आणि कृपा करून आदल्या संध्याकाळी भिंत ब्लीचने पुसून मला बोलवू नका. हे दर वर्षी कुणीतरी करतंच.

किती आकडा आला म्हणजे घर धोक्याचं?

असा आकडा नाही. भारतात घरांतल्या बुरशीला कायद्याची मर्यादा नाही, ईपीएनेही घातलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली, त्यात आकड्यांची मर्यादा देता येत नाही असंच म्हटलंय. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त दिसतात, म्हणून ओलच राहू देऊ नका, हा त्यांचा सल्ला. अहवालावर "सुरक्षित" किंवा "असुरक्षित" असा शिक्का दिसला तर तो कुठल्या मापाने मारला हे लेखी मागा.

मी अहवालात आकड्याआधी नावं वाचतो. आत आणि बाहेर तीच नावं त्याच क्रमाने असतील आणि आत कमी असतील, तर बाहेरची हवा आत आलीय, बस. आत अॅस्परजिलस-पेनिसिलियमचा रकाना बाहेरच्या कितीतरी पट असेल, तर घरात कुठेतरी कारखाना चालू आहे. बाहेर अजिबात नसलेल्या केटोमियम किंवा स्टॅकिबॉट्रिस या बुरशी आत दिसल्या, तर संख्या कमी असली तरी मी थांबत नाही. या दोघींना बराच काळ चिंब ओला राहिलेला कागद-लाकडासारखा माल लागतो. म्हणजे गळती जुनी आहे. तंतूंचे तुकडे जास्त असतील तर तीही वाढ जवळच असल्याची खूण.

एकाच वेळी घेतलेल्या एका नमुन्यावर मात्र काहीच ठरवू नका. हवेतला आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो, कुणी गादी झटकली तरी बदलतो.

काळी बुरशी म्हणजे विषारी ना? कोविडमध्ये तीच होती?

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीय. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्याला ब्लॅक फंगस म्हणत होते तो म्युकरमायकोसिस. मधुमेह, स्टेरॉइड आणि दुबळी प्रतिकारशक्ती यांच्याशी त्याचा संबंध होता, आणि "काळी" म्हणायचं ते मेलेल्या ऊतींच्या रंगामुळे. बाथरूमच्या छतावरच्या काळ्या ठिपक्यांशी त्याचं नातं नाही. ते ठिपके बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियमसारख्या सामान्य बुरशीचे असतात.

"विषारी काळी बुरशी" हे नाव मिळालं स्टॅकिबॉट्रिसला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये १९९३-९४ च्या सुमारास तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, तेव्हा तिच्यावर बोट ठेवलं गेलं. सीडीसीने २००० मध्ये तो अभ्यास पुन्हा तपासला आणि संबंध सिद्ध झालेला नाही असं सांगितलं. म्हणजे ती निरुपद्रवी असंही नाही, कुठलीही दाट बुरशी दमेकऱ्याला वाईटच. पण रंगावरून जात कळत नाही, आणि जातीवरून घर रिकामं करायची वेळ क्वचित येते.

वरच्या मजल्यावरून गळतंय. बुरशीचा अहवाल दाखवला तर सोसायटी ऐकेल का?

अहवाल बुरशी आहे एवढंच सांगतो, पाणी कुठून आलं हे नाही. कमिटीच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच येतो, आणि तुम्ही बुरशीची लॅटिन नावं वाचत बसता. त्याऐवजी वरच्या बाथरूमच्या जाळीला बूच लावून दोन दिवस पाणी साठवून ठेवा, रंग टाकून. खाली रंग उतरला तर पुढे बोलायला लागत नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, संडास-सिंकची अंतर्गत गळती त्या त्या सदस्याने. म्हणून पाणी कुठलं हेच महत्त्वाचं. वरच्या काकूंना आधी चहाला बोलवा, नोटीस नंतर.

फ्लॅट नवा आहे, तीन वर्षंही झाली नाहीत. बिल्डर म्हणतो खिडक्या उघडत नाही म्हणून होतं.

कधी कधी तो खरं बोलतो. म्हणूनच वर सांगितलेली प्लास्टिकची चाचणी आधी करा आणि तारखेसह फोटो ठेवा. दव भिंतीच्या बाजूला असेल तर त्याचं म्हणणं टिकत नाही. मिवान पद्धतीच्या, म्हणजे धातूच्या साच्यांत ओतलेल्या, काँक्रीट भिंतींत साचे धरणाऱ्या टायची भोकं नीट भरली नसतील तर वाऱ्याचा पाऊस तिथून आत येतो. खिडकीच्या चौकटीचा सांधा ही दुसरी जागा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. कळवायचं ते लेखी. इथे भिंतीचा तुकडा आणि टेप यांचा उपयोग होतो, कारण ते "डाग मळाचा आहे" हे उत्तर बंद करतात.

गणपतीआधी रंग काढायचाय. नमुना नंतर घेऊ का?

नंतर घेऊन काय मिळणार, डिस्टेंपरचा नमुना? ओल्या भिंतीवर रंग काढला की दिवाळीपर्यंत पोपडे येतात. बाप्पाला आपल्या भिंतीची तक्रार नसते, पाहुण्यांना असते. नुसता पडदा लावा आणि रंग डिसेंबरात काढा.

डक्टमध्ये कबुतरं आहेत. त्याचाही बुरशीशी संबंध?

वेगळा विषय, पण विचारलंत ते बरं. कबुतरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांनी काहींच्या फुप्फुसांना सूज येते. बुरशीनेही तशीच येऊ शकते. खोकला महिनोन् महिने हटत नसेल तर डॉक्टरांना कबुतरं आणि ओल दोन्ही सांगा. बुरशीचा नमुना कबुतरं पकडत नाही.

एसीमधून वास येतो. स्वॅब घ्यावा?

नको, त्यात काहीतरी येणारच. ब्लोअर आणि ट्रे उघडून धुऊन घ्या, पाण्याची नळी तुंबलीय का पाहा.

साफसफाई झाल्यावर पुन्हा नमुना लागतो का?

छोट्या कामाला डोळे, नाक आणि ओलावा मापक पुरे. भिंत आता कोरड्या कोपऱ्याइतकीच दाखवतेय ना, धूळ राहिलीय का, वास गेला का. मोठं काम असेल आणि घरात आजारी माणूस असेल तर सफाईनंतर एक-दोन दिवस जाऊ द्या, मग आत-बाहेर हवेचे नमुने घ्या. सफाई करणाऱ्याच कंपनीकडून "पास"चा अहवाल घेऊ नका.

मुलाकडे सहा महिने अमेरिकेला जातोय, फ्लॅट बंद राहील.

जूनच्या आधी परत येता येतं का बघा. नसेल तर कपाटांची दारं उघडी ठेवा, गाद्या भिंतीपासून लांब, आणि दर पंधरा दिवसांनी कोरड्या दुपारी कुणीतरी खिडक्या उघडेल अशी सोय करा. आर्द्रता साठ टक्क्यांखाली ठेवा असा ईपीएचा सल्ला आहे. तो बंद, एसीवाल्या घरांसाठी. जुलैत आपल्याकडे बाहेरच ऐंशीच्या वर असते, तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नका.

लॅब कशी निवडायची, आणि नमुना देताना काय लिहून द्यायचं?

"एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे" एवढ्यावर थांबू नका. ती मान्यता ठरावीक तपासण्यांपुरती असते. पाणी आणि खाद्यपदार्थांसाठी मान्यता असलेली लॅब हवेतल्या बीजाणूंसाठीही मान्य असेलच असं नाही, तिची यादी मागून पाहा. पद्धत कोणती वापरणार हेही विचारा. आयएसओ १६००० या मालिकेतले १६ ते २१ हे भाग घरातल्या बुरशीच्या नमुन्यांवर आहेत, फोनवरच्या माणसाने ते नाव निदान ऐकलेलं असावं.

प्रत्येक नमुन्यावर क्रमांक, तारीख, वेळ, खोली, जमिनीपासून उंची, किती मिनिटं, किती लिटर. बाहेर पाऊस होता की ऊन. खिडकी उघडी की बंद. घरात किती माणसं फिरत होती. आणि एक डबी किंवा एक टेप न वापरता तशीच, बाकीच्यांसारखाच क्रमांक घालून द्या. तिच्यात काही निघायला नको. निघालं, तर बाकीचे आकडेही बाजूला ठेवा आणि लॅबला फोन करा.